एकट्याने होणार नाही असं काम द्या : मुलांना मिळून काम करायला शिकवताना

"सगळ्यांनी मिळून खेळा रे" हे वाक्य घरातली मोठी माणसं दिवसातून कितीदा तरी म्हणतात आणि पोरं तितक्याच वेळा ते कानाआड करतात. यात पोरांचा दोष नाही. मिळून म्हणजे नेमकं काय करायचं, कुणी काय धरायचं, कुणी कधी थांबायचं, यातलं काहीच त्या वाक्यात नसतं. सहकार्य सांगून येत नाही. त्यासाठी हातात काम असावं लागतं, आणि तेही असं, की एकट्याने ते होणारच नाही. खाली दिलेलं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

दोन मुलांना एका सतरंजीवर बसवून दोघांना चित्रं रंगवायला दिली, तर ती शेजारी-शेजारी काम करतात, मिळून नव्हे. मटार सोलणं, खेळणी आवरणं ही कामंही तसलीच. एकाने हात आखडता घेतला तरी दुसऱ्याचं काही अडत नाही. याउलट एकाने पोत्याचं तोंड धरायचं आणि दुसऱ्याने त्यात गहू ओतायचे, असं काम एकाने सोडलं की तिथल्या तिथं थांबतं. काम निवडताना एवढंच विचारा : एक जण उठून गेला तर काम अडेल का? अडत असेल तर ते काम उपयोगाचं.

कोल्हापूर भागात हे मुलांना डोळ्यांनी दाखवायची सोपी जागा म्हणजे गुऱ्हाळ, उसाचा गूळ करायची जागा. घाण्यात ऊस लावणारा एक, चुलवाणात म्हणजे भट्टीत जळण सारणारा दुसरा, काहिलीतली म्हणजे रसाच्या मोठ्या कढईतली मळी काढणारा तिसरा आणि पाक उतरायची वेळ ओळखणारा गुळव्या. ऊसाच्या हंगामात ओळखीचं गुऱ्हाळ चालू असेल तर मुलांना अर्धा तास घेऊन जा. काहिलीपासून चांगलं लांब बसवा, कारण उकळत्या रसाचा चटका फार वाईट असतो. बघून झालं की एकच प्रश्न विचारा : "यातला जाळ घालणारा मामा आत्ता जेवायला गेला, तर काय होईल?" उत्तर त्यांनाच शोधू द्या.

वय बघून अपेक्षा ठेवा

बरेच वाद मुलांमुळे होत नाहीत, त्यांच्याकडून वेळेआधी ठेवलेल्या अपेक्षांमुळे होतात. संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी 1932 साली लहान मुलांच्या खेळाचे टप्पे मांडले, ते आजही बालवाडीत वापरले जातात. मूल आधी एकटं खेळतं, मग दुसऱ्याच्या शेजारी बसून आपापलं खेळतं, मग एकमेकांच्या वस्तू घेत-देत खेळतं आणि शेवटी ठरवून, कामं वाटून खेळतं. हा शेवटचा टप्पा साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास जोर धरतो. त्यामुळे दोन वर्षांचं पोर "माझं!" म्हणून गाडी छातीशी धरतं, तेव्हा ते हट्टी किंवा आप्पलपोटं नसतं. त्याच्या वयाला धरूनच वागत असतं.

दोन वर्षांच्या मुलाकडून वाटून घेण्याची अपेक्षा धरू नका, पण मदतीची जरूर धरा. दीड वर्षाची मुलं मोठ्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू न सांगता उचलून देतात, हे मानसशास्त्रज्ञ फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांच्या 2006 सालच्या प्रयोगात दिसलं. या वयाला साजेशी कामं म्हणजे वाळत घालताना एकेक चिमटा हातात देणं, ताटं मांडताना वाट्या आणून देणं, बाबांनी गाडी पुसताना फडकं धरणं. काम दोन-तीन मिनिटांचं असावं. त्यातून मुलाला जे कळतं ते मोलाचं आहे : मी दिलं म्हणून आईचं काम पुढं गेलं.

या वयात पाहुण्यांची मुलं येणार असतील तर आधीच आपल्या मुलाला विचारा, "कोणती तीन खेळणी कुणाला द्यायची नाहीत?" ती तीन कपाटात ठेवून द्या. उरलेल्यांत एकसारख्या दोन वस्तू असतील असं बघा. दोन चेंडू, दोन डबे, दोन पळ्या. लहान मुलांमध्ये वस्तू कमी पडली की मारामारीच होते, त्यातून शिकणं काही होत नाही. टंचाई ठेवून शिकवायचं ते सहा वर्षांच्या पुढे.

तीन ते साडेतीनला पाळी शिकवता येते, पण पाळी मिनिटांत सांगू नका. "पाच मिनिटांनी तुझी" याचा त्या वयात काहीही अर्थ लागत नाही. मोजता येईल अशी सांगा : वीस झोके झाले की तिची पाळी, घसरगुंडीवरून दोनदा आला की त्याची. कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाच्या बागेत झोपाळ्यापुढे रांग लागलेली असते तेव्हा थांबलेल्या मुलाला झोके मोजायचं काम द्या, मोठ्यानं. नुसतं थांबणं अवघड जातं, मोजत थांबणं जमतं. आणि ठरलेल्या वीस झोक्यांवर झोपाळा खरंच थांबवा. "अजून थोडा वेळ खेळू दे की" म्हणत पाच झोके वाढवून दिले, तर रांगेतलं पोर पुढच्या वेळी आपल्यावर विश्वास ठेवत नाही आणि ढकलून चढतं.

वाटून घेण्याबद्दल एक गोष्ट इथंच सांगायला हवी. टोमासेलो यांच्याच गटाने 2011 साली तीन वर्षांच्या मुलांना जोडीने दोऱ्या ओढून बक्षीस मिळवायला लावलं. मिळून ओढून मिळालेलं बक्षीस त्यांनी बरंचसं समसमान वाटलं. तेच बक्षीस न कमावता मिळालं, तेव्हा ज्याच्या वाट्याला जास्त आलं त्याने ते फारसं सोडलं नाही. म्हणजे आधी वाटून घ्यायला शिकवायचं आणि मग मिळून काम, हा आपला क्रमच उलटा आहे.

चादरीची घडी

घरात रोज मिळणारं, फुकटचं आणि चार हातांशिवाय न होणारं काम म्हणजे मोठ्या चादरीची घडी. पाच वर्षांच्या पुढच्या कोणत्याही दोन मुलांना द्या. सोलापुरी चादर सर्वांत बरी, कारण ती जड असते आणि एकट्या पोराला आवरत नाही.

दोघांनी समोरासमोर उभं राहून दोन-दोन कोपरे धरायचे आणि चादर ताठ होईपर्यंत मागे सरकायचं. मग एक काठ उचलून दुसऱ्यावर आणायचा. इथंच नव्वद टक्के गोंधळ होतो. आपण सांगतो "उजवा हात डावीकडे न्या", पण समोरासमोर उभ्या असलेल्या मुलांचे उजवे हात विरुद्ध बाजूंना असतात. चादरीला पीळ पडतो आणि दोघं एकमेकांवर खेकसतात. म्हणून खोलीतली खूण सांगा : "खिडकीकडचा काठ दाराकडे." काठ जुळला की दोघांनी चालत जवळ यायचं, एकाने आपले कोपरे दुसऱ्याच्या हातात द्यायचे आणि खाली वाकून लोंबणारी घडी उचलायची. पुन्हा मागे, पुन्हा जवळ. दोन-तीन फेऱ्यांत घडी होते.

पहिल्या दिवशी चादर ओढाओढीचा खेळ होणार, तो एकदा होऊ द्या. दुसऱ्या वेळी "खूण कोण सांगणार?" हे आधी ठरवून घ्या आणि दर चादरीला ते बदला. उंचीत फार फरक असेल तर लहान्याला पलंगावर उभं करा. घडी वाकडी झाली तर ती तशीच कपाटात जाऊ द्या. पोरांची पाठ वळताच आपण ती पुन्हा सरळ केली तर ते त्यांच्या लक्षात येतं, आणि आपल्या कामाला किंमत नाही हेही.

याच धर्तीवर बादलीच्या कडीतून काठी घालून दोघांनी पाणी नेणं, मोठा डबा उतरवताना एकाने स्टूल धरणं, चाळणीतून पीठ चाळताना एकाने परात फिरवणं. कामं घरोघरी वेगळी निघतील.

खेळ : नियम बदलला की वागणं बदलतं

खेळात सांघिक भावना आपोआप येते असं मानलं जातं. तसं नसतं, ती नियमांतून येते. पेठापेठांतल्या फुटबॉलचं वेड असलेल्या कोल्हापुरात पोरं चार वर्षांची असल्यापासून चेंडूमागे धावतात, पण गल्लीतल्या खेळात बहुतेक वेळा एकच पोरगा चेंडू घेऊन पळतो आणि बाकीचे त्याच्या नावाने ओरडत मागे. त्याला "पास दे की लेका" असं सांगून काही होत नाही. नियम घाला : तीन वेगवेगळ्या खेळाडूंना चेंडू लागल्याशिवाय गोल धरायचा नाही. चार विरुद्ध चार, साधारण वीस पावलं लांब आणि पंधरा पावलं रुंद जागा, पाच-पाच मिनिटांचे डाव. सात ते दहा वयाला हे माप बरोबर बसतं. संघ सहा-सातांचा झाला की दोन-तीन मुलांच्या पायाला चेंडूच लागत नाही.

यातही एक पळवाट निघते. तिघे चांगले खेळणारे आपसांतच पास देतात आणि चौथा कोपऱ्यात. मग दुसरा नियम जोडा : गोल करणारा पुढच्या डावात गोलकीपर. दोन-चार डावांतच सगळ्यांना पुढे खेळावं लागतं आणि कोपऱ्यातल्यालाही चेंडू द्यावाच लागतो. नियम मात्र डाव सुरू होण्याआधी सांगा. खेळ रंगात आल्यावर घातलेला नियम मुलांना अन्याय वाटतो, आणि ते बरोबरही आहे.

लहान मुलांसाठी साखळी उत्तम. ज्याच्यावर राज्य तो एकाला पकडतो, दोघं हात धरून तिसऱ्याला पकडतात. साखळी चारांची झाली की तिच्या दोन होतात. हात सुटलेला असताना पकडलेला गडी बाद धरायचा नाही. एकाने डावीकडे आणि दुसऱ्याने उजवीकडे ओढलं की साखळी तुटते, म्हणून पळण्याआधी बोलावं लागतं. लगोरीतही हे करता येतं : सात ठिकऱ्या रचताना एका गड्याने सलग दोन ठिकऱ्या ठेवायच्या नाहीत.

संगीत खुर्चीसारख्या खेळात सगळ्यांत अवघडलेलं मूल सगळ्यांत आधी बाहेर बसतं आणि उरलेला वेळ नुसतं बघत राहतं. खुर्ची काढा पण मूल काढू नका. दर फेरीला बसायची जागा कमी होते आणि सगळ्यांनी मावायचं असतं. खुर्च्यांऐवजी जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरा, म्हणजे पडून लागायची भीती नाही. शेवटी आठ मुलं एका वर्तमानपत्रावर कशी उभी राहतात, कोण कुणाला धरतं, हे बघण्यासारखं असतं.

रस्सीखेच मुलांना आवडते, पण ती सहकार्य शिकवते यावर फार विसंबू नका. फ्रेंच कृषी अभियंते मॅक्स रिंगेलमन यांनी 1913 साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत दिसलं, की दोरीला माणसं वाढत जातात तसा प्रत्येकाचा जोर कमी होत जातो. कुणी किती ओढलं हे दिसत नसलं की हात सैल पडतातच. गटाच्या कोणत्याही कामात हेच होतं. प्रत्येकाचा वाटा डोळ्यांना दिसेल अशी कामाची मांडणी करायची, एवढाच त्यावर उपाय.

सहा जणांची भेळ

पावसाळ्यात मैदान बंद असतं तेव्हा घरात करायला भेळ चांगली, कारण गॅस लागत नाही. सहा ते दहा वर्षांच्या सहा मुलांना चुरमुरे 300 ग्रॅम, फरसाण 150 ग्रॅम, मध्यम कांदे 2, टोमॅटो 2, अर्धी जुडी कोथिंबीर, भाजलेले शेंगदाणे एक वाटी आणि चिंच-गुळाचं पाणी एक वाटी पुरतं. पाणी आपण आधी करून ठेवा : 40 ग्रॅम चिंच कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कोळायची, 60 ग्रॅम गूळ आणि चवीला मीठ.

प्रत्येकाकडे एकच जिन्नस द्या. कांदा मोठ्या पोराने चिरायचा आणि आपण शेजारी बसायचं. टोमॅटो दुसऱ्याने, त्याच सुरीने. एक कोथिंबीर निवडेल, एक शेंगदाण्यांची सालं काढेल, एक चुरमुरे पाखडून फरसाण मोजेल. सहाव्याकडे चिंचेचं पाणी. या सहाव्याचं काम सर्वांत कठीण, कारण त्याने थांबायचं आहे. बाकी पाचांचं होण्याआधी पाणी पडलं तर चुरमुरे दोन मिनिटांत मऊ पडतात आणि सगळ्यांची भेळ लगदा होते. हे आधी एकदा सांगा, मग गप्प राहा. पाणी घाईत पडलंच तर ओरडू नका आणि दुसरे चुरमुरेही आणू नका. ती मऊ भेळ सगळ्यांनी खायची. पुढच्या वेळी चिंचेचं पाणी ज्याच्याकडे असेल तो स्वतःच विचारत फिरतो, "तुझं झालं का? तुझं?" आपल्याला हवं होतं ते हेच.

सुरी एकच ठेवा. सहा वर्षांच्या पुढे टंचाई कामाला येते ती अशी : कांदा झाल्याशिवाय टोमॅटोवाल्याला सुरी मिळणार नाही, म्हणजे दोघांना बोलावं लागणार.

दिवाळीचा किल्ला

वर्षभरात मुलांना मिळून करायला मिळणारं सर्वांत मोठं काम हेच, आणि ते मोठी माणसं सर्वांत जास्त बिघडवतात, म्हणून जरा सविस्तर.

पाच-सहा मुलं पुरेत, वय सहा ते बारा. गच्चीवर किंवा घराच्या कट्ट्यालगत साधारण चार बाय तीन फूट जागा. गच्चीवर असेल तर खाली जाड प्लास्टिक. विटा 15 ते 20, दगड-खापऱ्या, गोणपाटाचे दोन-तीन तुकडे, चाळलेली माती सहा ते आठ घमेली, भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा अर्धं घमेलं, थोडी काव, आणि अळीव 50 ग्रॅम. अळीव उगवून हिरवं दिसायला पाच-सहा दिवस लागतात आणि शाळेच्या परीक्षा नेमक्या तेव्हाच असतात. म्हणून परीक्षा संपण्याआधीच एकाने परातीत ओलं गोणपाट पसरून त्यावर अळीव पेरून ठेवायचं, दिवसातून तीनदा पाणी शिंपडायचं आणि उगवलेला तुकडाच नंतर डोंगरउतारावर अंथरायचा.

पहिल्या दिवशी माती नको, कागद हवा. प्रत्येकाने दहा मिनिटांत आपल्या मनातल्या किल्ल्याचं चित्र काढायचं आणि प्रत्येक चित्रातली किमान एक गोष्ट किल्ल्यात घ्यायची. पन्हाळा करायचा ठरला तर तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी आणि अंधारबाव अशा चार जागा चौघांकडे द्या. कोल्हापूरहून पन्हाळा जवळच आहे, एक रविवार जाऊन खरी अंधारबाव बघून आलं तर नुसत्या फोटोवरून करण्यापेक्षा काम पुष्कळ वेगळं होतं. इथवर प्रत्येकाचं काम आपापलं आहे. सहकार्य सुरू होतं ते तटबंदीत. ती अशी वाटा, की एकाचा तट जिथं संपतो तिथं दुसऱ्याचा सुरू होईल. उंची आधी ठरवा, समजा चार बोटं, आणि चार बोटं कुणाची हेही ठरवा. कारण बारा वर्षांच्या दादाची चार बोटं आणि सहा वर्षांच्या पोराची चार बोटं यांत चांगलाच फरक पडतो, आणि दोन तट जुळत नाहीत तिथं भांडण जुंपतं. ज्या दोघांचं एरवी जमत नाही, त्यांचे तट शेजारी येतील असं मुद्दाम बघा.

चिखल दोघांनी कालवायचा. एक पाणी घालणार, दुसरा हाताने मळणार आणि "बास" म्हणणार. मुठीएवढा गोळा गोणपाटावर थापला आणि तो खाली न घसरता चिकटून राहिला की झालं. पातळ झाला तर ओघळतो. तूस न घालता थापला तर वाळताना भेगा पडतात. पाणी घालणारा ऐकत नाही आणि चिखल पातळ होतो, हे पहिल्याच दिवशी होणार. शिल्लक माती वेगळी ठेवा आणि दुरुस्ती त्या दोघांनाच करू द्या.

हमखास होणारे तीन बिघाड आहेत. पहिला म्हणजे मुकादम. मोठा पोरगा कमरेवर हात ठेवून हुकूम सोडतो आणि लहानी पाण्याचे तांबे आणत राहतात. त्यावर एक नियम पुरतो : ज्याचे हात मातीत नाहीत त्याने सूचना द्यायच्या नाहीत. लहान्यांना पाणी आणण्यापलीकडे डोळ्यांना दिसणारं काम द्या. पायऱ्यांना खडे लावणं पाच-सहा वर्षांच्या बोटांना मोठ्यांपेक्षा चांगलं जमतं. दुसरा बिघाड महाराजांचं सिंहासन कुणी ठेवायचं यावरून. हे शेवटच्या दिवशी नाही, पहिल्या दिवशी चिठ्ठ्या टाकून ठरवा. तिसरा बिघाड मोठ्यांचा. मंडळाची किल्ला स्पर्धा असते, मग पोरं झोपल्यावर बाबा आणि काका रात्री बारापर्यंत बसून बुरूज सरळ करतात. सकाळी किल्ला देखणा दिसतो, पण पोरांना त्यात आपला हात सापडत नाही. विटा फोडणं, तार कापणं, वायरिंगची माळ जोडणं एवढंच मोठ्यांनी करावं.

भांडण झाल्यावर

"त्यानं माझा बुरूज पाडला!" "मी न्हाई पाडला, आपोआप पडला!" इथं "कुणी सुरुवात केली?" हा प्रश्न विचारू नका. त्याचं खरं उत्तर कधी मिळत नाही आणि दोघं वकिली करत बसतात.

आधी हात थांबवा. भांडणाची वस्तू असेल तर ती स्वतःच्या हातात घ्या, "हे आत्ता माझ्याजवळ राहील" एवढंच बोला. मग एकेकाला बोलू द्या, आणि दुसऱ्याला विचारा, "तो काय म्हणाला, सांग बघू." दुसऱ्याचं म्हणणं जसंच्या तसं सांगता येईपर्यंत आपलं मांडायचं नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला हे दोन-तीनदा केल्यावर जमायला लागतं. त्यानंतर "आता काय करायचं?" असं विचारून खरंच गप्प बसा, निदान अर्धा मिनिट. तो अर्धा मिनिट फार लांब वाटतो आणि बहुतेक मोठी माणसं तिथंच तोडगा सांगून मोकळी होतात. मुलांनी काढलेला तोडगा आपल्याला जरा एकतर्फी वाटला तरी दोघांना मान्य असेल तर चालू द्या. पाच मिनिटांनी परत येऊन चाललंय का ते बघा.

आपल्याकडे घरोघरी दोन वाक्यं बोलली जातात, ती सोडायला हवीत. "तू मोठा आहेस ना, दे तिला" हे पहिलं. यातून मोठ्याला शिकायला मिळतं की मोठं होणं म्हणजे तोटा, आणि धाकटीला कळतं की रडलं की मिळतं. दुसरं, "आधी सॉरी म्हण." दाबून म्हणवून घेतलेल्या सॉरीने पडलेला बुरूज उभा राहत नाही. "हा परत बांधायला तू काय मदत करशील?" असं विचारलं तर राहतो. घरात आज्जी-आजोबा असतील तर त्यांच्याशी हे आधी, मुलांच्या माघारी बोलून घ्या. भांडणाच्या मध्ये "आई, तुम्ही तिला चॉकलेट देऊ नका" असं म्हटलं तर मुलांचं भांडण बाजूला राहून मोठ्यांचंच सुरू होतं.

चॉकलेटबद्दल आणखी थोडं. मदत केली की बक्षीस, हे वरवर बरं वाटतं. पण वॉर्नेकेन आणि टोमासेलो यांनी 2008 साली वीस महिन्यांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात ज्यांना मदतीबद्दल वस्तू मिळाली, ती पुढे कमी मदत करू लागली. वस्तूऐवजी परिणाम सांगा. "शाब्बास, गुणाचं बाळ" यापेक्षा "तू स्टूल घट्ट धरलंस म्हणून दादाला डबा काढता आला" हे वाक्य मुलाला पुढच्या वेळी उपयोगी पडतं, कारण त्यात काय करायचं ते आहे.

शाळेत गट पाडताना

गट मुलांना पाडू दिले तर दोस्त दोस्तांकडे जातात आणि दोन-तीन मुलं उरतात. ती कोण उरतात हे प्रत्येक शिक्षकाला माहीत असतं. चिठ्ठ्यांनी गट पाडा. ज्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1919 साली अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एका शाळेत बसवलं, तिथं वर्गातल्या कोपऱ्यात कोण कुणाशेजारी बसतं याकडे लक्ष ठेवणं शिक्षकाचं काम आहेच.

गटात चार मुलं, एका तासिकेचा वेळ. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी 1971 साली अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांत सुरू केलेली पद्धत इथं चांगली चालते. चौथीला शिवरायांचा इतिहास असतो, त्यातला 1660 सालचा पन्हाळ्याचा वेढा घ्या. गटातल्या प्रत्येकाला एकच भाग द्या : सिद्दी जौहरचा वेढा, शिवा काशीद, बाजीप्रभू आणि खिंड, विशाळगडावर पोहोचणं. दहा मिनिटं सगळ्या गटांतले एकाच भागाचे 'जाणकार' एकत्र बसून आपला भाग पक्का करतात. मग आपापल्या गटात परत येऊन कागद न दाखवता, फक्त तोंडाने सांगतात. शेवटी पाच प्रश्नांची चाचणी, प्रत्येकाची वेगळी. बोलायला अडखळणाऱ्या मुलाचा भाग दुसऱ्या कुणाकडेच नसल्यामुळे त्याचं ऐकावंच लागतं. हुशार मुलांनी त्याला चिडवलं तर एवढंच सांगा, "पाच मिनिटांनी चाचणी आहे, त्याच्याकडून काढून घ्यायला प्रश्न नीट विचारा." पहिल्या खेपेला गोंधळ होतो, तिसऱ्या-चौथ्यापासून बसतं. एकदाच करून सोडणार असाल तर करू नका.

दोन वर्गांत, दोन गल्ल्यांत किंवा दोन मंडळांच्या पोरांत खुन्नस असेल तर त्यांना एकत्र जेवायला बसवून काही साधत नाही. मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी 1954 साली ओक्लाहोमातल्या शिबिरात अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या दोन गटांवर हे तपासलं. एकत्र जेवण आणि सिनेमा यांनी भांडणं थांबली नाहीत, उलट जेवताना अन्नाची फेकाफेक झाली. पाण्याची टाकी बंद पडली आणि जेवण आणणारा ट्रक अडला, तेव्हा मात्र दोन्ही गटांनी हात लावला. ट्रक ओढायला दोरी वापरली ती आधी रस्सीखेचीला आणलेलीच. तेव्हा दोन गल्ल्यांचा सामना ठेवण्याआधी दोघांना मिळून मैदान साफ करून आखू द्या, आणि त्यासाठी फावडी एका गल्लीकडे व चुना दुसरीकडे द्या.

जे मूल येतच नाही

लाजरं मूल हाताला धरून गटात ढकलू नका. गटाच्या कडेला बसून करता येईल असं, पण गटाला लागणारं काम द्या : गोल मोजणं, वेळ बघणं, चिंचेच्या पाण्याची चव घेऊन सांगणं. आधी मोठ्या गटात नको, एकाच मुलाबरोबर घरी, वीस मिनिटं. ते दोन-तीनदा नीट झालं की तिसरं मूल बोलवा. तिघांत दोघं एक होतात आणि एक उरतो, म्हणून तिघे असतील तेव्हा तीन ठरलेली कामं हवीतच.

मारणाऱ्या मुलाबद्दल बघायचं ते हे, की ते कधी मारतं. बहुतेक वेळा भूक, झोप किंवा फार वेळ थांबावं लागणं यांतलं एक असतं. त्याची पाळी पहिल्या दोघांत ठेवा आणि खेळ पंधरा मिनिटांत, चांगला चाललेला असतानाच थांबवा.

मूल नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, दुसऱ्या मुलांकडे त्याचं लक्षच जात नसेल, बोलणं वयाच्या मानाने फार मागे असेल किंवा आधी येत असलेले शब्द गेले असतील, तर ते हट्टाचं लक्षण समजून वाट बघू नका. आधी कान तपासून घ्या. नीट ऐकू न येणारं मूल खेळात बेपर्वा वाटू शकतं. मग बालरोगतज्ज्ञांकडे जा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही बालरोग विभाग आहे. जाताना मूल घरी इतर मुलांमध्ये खेळतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ मोबाईलवर घेऊन जा, कारण दवाखान्यात ते तसं खेळेलच असं नाही.